भट्टीतून भूगर्भात : कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांतील कार्बन पकडण्याच्या प्रयत्नांचा आढावा

ओस्लो शहराच्या आग्नेयेला, ई-६ महामार्गालगत, क्लेमेट्सरूड येथे कचरा जाळून ऊर्जा निर्माण करणारा मोठा प्रकल्प आहे. वर्षाला साडेतीन ते चार लाख टन कचरा तिथल्या भट्ट्यांत जातो. त्यातून वीज होते आणि शहरातल्या इमारतींना हिवाळ्यात लागणारे पाणी तापते. शहराच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १७ टक्के वायू या एकाच प्रकल्पाच्या चिमणीतून बाहेर पडतात. जानेवारी २०२५ मध्ये प्रकल्प चालवणाऱ्या हाफस्लुंड सेल्सिओ कंपनीने एक रखडलेले काम पुन्हा हाती घेत असल्याचे जाहीर केले. चिमणीतला कार्बन डायऑक्साइड वर्षाला साडेतीन लाख टन या प्रमाणात पकडायचा, थंड करून त्याचा द्रव करायचा, ट्रकने बंदरावर आणि तिथून जहाजाने नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यायचा, आणि समुद्रतळाखाली सुमारे २६०० मीटर खोल खडकात कायमचा मुरवायचा, असे हे काम आहे. ते २०२९ मध्ये सुरू होणे अपेक्षित आहे.

तेलशुद्धीकरण, सिमेंट, पोलाद या उद्योगांतला कार्बन पकडण्याची चर्चा जुनी आहे. कचऱ्याची भट्टी त्या चर्चेत उशिरा आली आणि आल्याबरोबर तिने वेगळे प्रश्न उभे केले. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी लागते, तिचे प्रमाण फारसे कमी-जास्त करता येत नाही. कचऱ्याच्या भट्टीत काय जाते हे मात्र घराघरातल्या डब्यांपासून, महापालिकेच्या वर्गीकरण केंद्रापासून आणि प्लास्टिक कुठे व किती वापरले जाते यावरून ठरते. त्यामुळे या विषयात रसायनशास्त्राइतकेच नगरपालिकांचे राजकारण आणि घनकचऱ्याचे अर्थकारणही आहे.

दोन जुन्या वाटा

कचरा बंदिस्त भट्टीत जाळण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे १८७४ साली झाली. उष्णतेचा उपयोग करण्यात डेन्मार्क पुढे राहिला. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडेरिक्सबर्गमध्ये १९०३ पासून कचऱ्याच्या उष्णतेवर इमारती तापवल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत डायॉक्सिन आणि जड धातूंवरून या प्रकल्पांविरुद्ध युरोपभर आंदोलने झाली, नियम कडक झाले, आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा भट्टीइतकीच मोठी व महाग होत गेली. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाद्वारे क्षेपणभूमीवर टाकल्या जाणाऱ्या कुजणाऱ्या कचऱ्यावर मर्यादा आणली. स्वित्झर्लंडने तर २००० पासून जळाऊ कचरा जमिनीत पुरण्यावर बंदीच घातली. तो कचरा साहजिकच भट्ट्यांकडे वळला. आज युरोपात असे सुमारे ५०० प्रकल्प आहेत.

दुसरी वाट नॉर्वेच्या समुद्रातली. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर बसवला. स्लाइप्नर या वायुक्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता आणि तो वेगळा काढल्याशिवाय वायू विकता येत नव्हता. वेगळा काढून हवेत सोडला तर कर भरावा लागणार होता. म्हणून १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा नावाच्या वाळूच्या खडकात सोडला जाऊ लागला. सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास होते. भूकंपलहरींच्या साह्याने त्या वायूच्या हालचालीची चित्रे वेळोवेळी घेतली गेली. खोल खडकात साठवलेला वायू दशकानुदशके तिथे राहू शकतो, यासाठी आजही सर्वाधिक दाखला याच क्षेत्राचा दिला जातो.

चिमणीतला कार्बन पकडून तो असा साठवण्याचा नॉर्वेचा पहिला मोठा प्रयत्न फसला. तत्कालीन पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी २००७ च्या नववर्षाच्या भाषणात मोंगस्टॅड येथील कार्बन पकडण्याच्या योजनेला देशाचे चंद्रावरचे अवतरण म्हटले होते. तिथे २०१२ मध्ये चाचणी केंद्र उभे राहिले, पण पूर्ण क्षमतेची योजना २०१३ मध्ये सोडून देण्यात आली. तो अनुभव नॉर्वेच्या राजकारण्यांच्या लक्षात राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘लाँगशिप’ ही नवी योजना जाहीर झाली तेव्हा पकडण्याची जबाबदारी एकीकडे आणि वाहतूक व साठवणीची दुसरीकडे, अशी ती वेगवेगळ्या कंपन्यांत वाटण्यात आली. ब्रेविक येथील सिमेंट कारखाना हा पहिला घटक, क्लेमेट्सरूडची भट्टी हा दुसरा, आणि इक्विनॉर, शेल व टोटलएनर्जीज या तीन तेल कंपन्यांचा ‘नॉर्दर्न लाइट्स’ हा वाहतूक व साठवण प्रकल्प तिसरा. संपूर्ण योजनेचा तेव्हाचा अंदाज २५.१ अब्ज क्रोनर होता आणि त्यातले १६.८ अब्ज सरकार देणार होते.

चिमणीतला वायू पकडायचा कसा

पकडण्याची मूळ पद्धत नवी नाही. अमाइन या वर्गातली रसायने पाण्यात मिसळून त्या द्रावणात आम्लधर्मी वायू शोषून घ्यायचे आणि द्रावण तापवून ते पुन्हा सोडवायचे, याचे अमेरिकी पेटंट १९३० चे आहे. नैसर्गिक वायू शुद्ध करण्यासाठी ती पद्धत तेव्हापासून वापरात आहे.

कचऱ्याच्या प्रकल्पात हे काम धूर स्वच्छ झाल्यानंतर सुरू होते. आधी राख, आम्लवायू, पारा, डायॉक्सिन काढून टाकले जातात. उरलेल्या वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण १० टक्के असते, बाकी मुख्यतः नायट्रोजन, वाफ आणि न वापरला गेलेला ऑक्सिजन. हा वायू थंड करून एका उंच मनोऱ्यात खालून वर सोडतात आणि वरून अमाइनचे द्रावण खाली येते. मनोऱ्यात धातूच्या वळ्यावळ्यांच्या पत्र्यांचे थर भरलेले असतात, त्यावरून द्रावण पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि ४० अंश सेल्सिअसच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. मग हे भरलेले द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे १२० अंशांपर्यंत तापवतात. पकडलेला वायू तिथे सुटा होतो आणि रिकामे झालेले द्रावण पहिल्या मनोऱ्याकडे परतते. चांगल्या रीतीने चालवलेल्या संयंत्रात ९० टक्के किंवा त्याहून अधिक वायू पकडला जातो.

खरी किंमत या तापवण्यात आहे. एक टन वायू सोडवायला ढोबळमानाने ३ ते ४ गिगाजूल उष्णता लागते. युरोपातला एक टन मिश्र कचरा जळताना सुमारे १० गिगाजूल उष्णता देतो आणि त्यातून साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे कचऱ्यातून निघालेल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा वायू पकडण्याच्या कामी लागतो. वीज कमी होते. शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या प्रकल्पांची बाजू इथे जरा बरी आहे. पकडण्याच्या प्रक्रियेतून बाहेर पडणारी कोमट उष्णता उष्मापंपाने वर चढवून पाण्याच्या जाळ्यात परत घालता येते. स्कँडिनेव्हियातील शहरे या बाबतीत पुढे दिसतात, त्यामागे हवामानाचा आणि जमिनीखालच्या गरम पाण्याच्या नळांचा मोठा वाटा आहे. असे जाळे नसलेल्या उष्ण प्रदेशातल्या शहरांना हा हिशेब तसाच लागू होत नाही.

दुसरी अडचण द्रावणाची. कचऱ्याचा धूर रोज बदलतो, आज ओला कचरा जास्त तर उद्या गादी-सोफ्याचे तुकडे. धुरातल्या नायट्रोजन आणि गंधकाच्या ऑक्साइडांनी अमाइन हळूहळू खराब होते, त्यातला थोडा अंश वायूबरोबर चिमणीतून निसटतो आणि हवेत त्यापासून नायट्रोसअमाइन तयार होऊ शकतात. यातली काही संयुगे कर्करोगकारक आहेत. मोंगस्टॅडच्या वेळी हा प्रश्न इतका गंभीर मानला गेला की नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०११ मध्ये नायट्रोसअमाइन आणि नायट्रअमाइन मिळून हवेच्या दर घनमीटरमागे ०.३ नॅनोग्रॅम अशी मर्यादा सुचवली. ही फार कडक मर्यादा आहे आणि वस्तीजवळच्या प्रकल्पांना परवानगी देताना तिचा आधार घेतला जातो. क्लेमेट्सरूडमध्ये २०१६ आणि २०१९ अशा दोन वेळा खऱ्या धुरावर छोट्या प्रमाणावर चाचण्या झाल्या, त्या केवळ किती वायू पकडला जातो हे पाहण्यासाठी नव्हत्या. किती द्रावण खराब होते आणि चिमणीतून काय निसटते, हेही त्यांत तपासायचे होते.

पकडलेला वायू सुकवून, दाबून, सुमारे १५ बार दाब आणि उणे २६ अंश तापमानाला द्रवरूप करतात. नॉर्दर्न लाइट्सची जहाजे साडेसात हजार घनमीटर द्रव वाहून नेतात. बर्गनजवळच्या ओयगार्डन येथील किनाऱ्यावर तो टाक्यांत उतरवला जातो आणि सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या नळाने समुद्रातल्या विहिरीपर्यंत पोचतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातला वायू या विहिरीत पहिल्यांदा सोडण्यात आला. साठवणीची कडी त्यामुळे प्रत्यक्ष चालू झाली आहे. भट्टीची कडी अजून बांधून पूर्ण व्हायची आहे.

कोण कुठवर पोचले

कचऱ्याच्या धुरातला कार्बन नियमितपणे पकडणाऱ्या सुरुवातीच्या ठिकाणांत जपानमधील सागा शहर येते. तिथल्या नगरपालिकेच्या कचरा प्रकल्पात २०१६ पासून तोशिबाचे संयंत्र दिवसाला १० टनांपर्यंत वायू पकडते. तो शेवाळ वाढवणाऱ्या उद्योगाला पुरवला जातो. नेदरलँड्समध्ये डाउव्हेन येथील एव्हीआर कंपनीने २०१९ पासून हे काम बऱ्याच मोठ्या प्रमाणावर सुरू केले. हेंगेलो येथील ट्वेन्स कंपनीचे वर्षाला एक लाख टन क्षमतेचे संयंत्र त्याच मार्गाने गेले. दोन्ही ठिकाणचा वायू डच हरितगृहांत जातो, कारण टोमॅटो-काकडीच्या वाढीसाठी शेतकऱ्यांना तो लागतोच आणि एरवी ते त्यासाठी नैसर्गिक वायू जाळतात.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यायला हवा. हरितगृहात दिलेला वायू काही दिवसांत किंवा महिन्यांत पुन्हा हवेत येतो. त्यातून नैसर्गिक वायूची बचत होते, हा फायदा खरा आहे, पण त्याला साठवण म्हणता येत नाही. ‘जगात अनेक कचरा प्रकल्प कार्बन पकडतात’ असे वाक्य वाचताना पकडलेला वायू पुढे कुठे गेला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

कोपनहेगनची कथा अधिक बोधप्रद आहे. छतावर स्कीइंगचा उतार असलेला आमागर बाक्के हा प्रकल्प वास्तुरचनेसाठी जगभर गाजला. कोपनहेगनने २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे ठरवले होते आणि त्या हिशेबात या प्रकल्पातून वर्षाला पाच लाख टन वायू पकडला जाईल असे गृहीत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेने सरकारी निधीच्या आर्थिक अटी पूर्ण करता येत नसल्याचे जाहीर केले आणि शहराने २०२५ चे उद्दिष्ट सोडले. तिथे तंत्र नापास झालेले नव्हते. आर्थिक जोखीम कुणी घ्यायची, याचे उत्तर वेळेत मिळाले नाही.

क्लेमेट्सरूडही याच खडकावर दोनदा आपटले. नॉर्वे सरकारने ब्रेविकला बिनशर्त आणि भट्टीला सशर्त मदत दिली. तीन अब्ज क्रोनरपर्यंतची रक्कम मिळणार होती, उरलेली युरोपीय संघाच्या नवोन्मेष निधीतून आणायची होती. तो अर्ज २०२१ मध्ये नामंजूर झाला. मग मालकी बदलली, फोर्टम कंपनी बाहेर पडली, ओस्लो महापालिका पुढे आली आणि मार्च २०२२ मध्ये पैशांची जुळणी झाली. वर्षभरातच खर्च अंदाजाबाहेर चालल्याचे दिसले. एप्रिल २०२३ मध्ये काम थांबवून आराखडा नव्याने तपासला गेला, पकडण्याचे तंत्र पुरवणारी कंपनीही बदलली. पावणेदोन वर्षांनी काम पुन्हा सुरू झाले.

ब्रिटनने वेगळी पद्धत निवडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने दोन औद्योगिक पट्ट्यांसाठी २५ वर्षांत २१.७ अब्ज पौंडांपर्यंतची तरतूद जाहीर केली. कार्बनचा बाजारभाव आणि पकडण्याचा ठरलेला खर्च यांतला फरक करारानुसार सरकार भरून देते. एल्समिअर पोर्ट येथील प्रोटॉस हा कचरा प्रकल्प या योजनेत आहे आणि त्याचा वायू लिव्हरपूल उपसागराखालच्या रित्या झालेल्या वायुक्षेत्रांत जायचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०२२ मध्ये संघराज्य सरकार आणि कचरा प्रकल्पांची संघटना यांच्यात करार झाला. त्यानुसार २०३० पर्यंत किमान एक संयंत्र उभारून वर्षाला एक लाख टन वायू पकडायचा आहे. समुद्र नसलेल्या या देशाला साठवणीसाठी बरेचसे परदेशांवर अवलंबून राहावे लागणार आहे. समुद्रतळाखाली साठवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या देशात पाठवायला लंडन प्रोटोकॉलची २००९ ची दुरुस्ती आणि ती तात्पुरती लागू करण्याचा २०१९ चा ठराव आधाराला आहे.

भूमिका आणि त्यांचे आधार

भट्ट्या चालवणारे आणि अनेक महापालिका म्हणतात की पुनर्वापर कितीही वाढला तरी काही कचरा उरतोच. माती-तेलाने माखलेले प्लास्टिक, वापरलेले डायपर, रुग्णालयातला काही कचरा, पुनर्वापर केंद्रांनी नाकारलेला माल. तो जमिनीत पुरला तर त्यातला जैविक भाग कुजून मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा ताप कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो. म्हणून जाळणे आणि धुरातला कार्बन पकडणे हा त्यांच्या मते सर्वांत कमी हानीचा मार्ग. या भूमिकेचा दुसरा आधार अधिक महत्त्वाचा आहे. महापालिकेच्या कचऱ्यातला साधारण निम्मा कार्बन कागद, लाकूड, अन्न, सुती कापड यांतून आलेला असतो आणि तो झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो. तो पकडून जमिनीखाली टाकला तर हवेतला कार्बन प्रत्यक्षात कमी होतो. सिमेंटच्या भट्टीत अशी मोठी संधी नसते.

शून्य कचऱ्याचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांचा आक्षेप वेळेबद्दल आणि क्रमाबद्दल आहे. कोट्यवधी युरोचे संयंत्र बसवले की ते २५ वर्षे चालवावे लागते, चालवायला वायू लागतो आणि वायूसाठी कचरा. कचरा कमी करण्याची इच्छा त्यामुळे मंदावते, असे त्यांचे म्हणणे आहे. याला उदाहरणे आहेत. आमागर बाक्के स्थानिक गरजेपेक्षा मोठा बांधला गेला आणि तिथे बाहेरचा कचरा आणावा लागला. ओस्लोच्या भट्ट्यांतही ब्रिटनमधून कचरा आला आहे. या संस्थांच्या मते मिश्र कचऱ्यातून जाळण्यापूर्वी प्लास्टिक यंत्राने वेगळे काढणे स्वस्त आहे. तेवढ्यानेही जीवाश्म कार्बन बराच कमी होतो, आणि अमाइन, जहाज, विहीर काहीच लागत नाही. डेन्मार्कने २०२० मध्ये केलेल्या राजकीय समझोत्यात दहा वर्षांत जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी कमी करणे आणि ८० टक्के प्लास्टिक भट्टीपासून दूर ठेवणे ही उद्दिष्टे होती, ती या विचाराशी जुळणारी आहेत.

प्रत्यक्ष शहरांत या दोन भूमिका इतक्या वेगळ्या राहत नाहीत. ओस्लोत घरोघरी अन्नाचा कचरा हिरव्या आणि प्लास्टिक निळ्या पिशवीत बांधून उरलेल्या कचऱ्याबरोबर एकाच डब्यात टाकतात. वर्गीकरण केंद्रातल्या सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा पिशवीचा रंग ओळखतो आणि एक दांडा ती पिशवी बाजूला ढकलतो. जी पिशवी फाटली किंवा जी कुणी भरलीच नाही, तिच्यातले प्लास्टिक भट्टीत जाते. तिथे वर्गीकरण आणि कार्बन पकडणे दोन्ही शेजारी शेजारी चालणार आहेत. मग एक विचित्र गणित समोर येते. वर्गीकरण जितके चांगले, तितके भट्टीत प्लास्टिक कमी आणि जैविक हिस्सा जास्त, म्हणजे पकडलेल्या प्रत्येक टनातला हवेतून खरोखर कमी झालेला वाटा मोठा. पण त्याच वेळी जळणाचा उष्मांक घसरतो आणि संयंत्राला लागणारी उष्णता महाग पडते. हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या चर्चेत पुरेसा येत नाही. तो आला, तर ‘आधी वर्गीकरण की आधी पकड’ या वादाची धार बरीच कमी होईल.

पैसा आणि मोजमाप

कचऱ्याच्या भट्टीतला कार्बन पकडून, वाहून, साठवण्याचे अंदाज टनामागे १०० ते २०० युरो आणि काही ठिकाणी त्याहूनही वर जातात. युरोपच्या उत्सर्जन बाजारात २०२४-२५ मध्ये टनाचा भाव बहुतेक काळ ६० ते ८० युरोच्या आसपास होता. त्यातही बहुतेक देशांतल्या महापालिका कचऱ्याच्या भट्ट्या या बाजाराबाहेर आहेत. स्वीडन आणि डेन्मार्कने त्या स्वतःहून आत घेतल्या. जर्मनीने २०२४ पासून आपल्या राष्ट्रीय कार्बन भावात कचरा आणला. ब्रिटनने २०२८ पासून भट्ट्यांना आपल्या उत्सर्जन बाजारात घेण्याचे ठरवले आहे. युरोपीय संघाने २०२४ पासून भट्ट्यांना उत्सर्जन मोजून कळवायला लावले आणि २०२८ पासून त्यांना बाजारात आणायचे का, यावर जुलै २०२६ पर्यंत आयोगाने अहवाल द्यावा असे ठरवले. भट्ट्यांवर भाव बसला आणि क्षेपणभूमीवर बसला नाही, तर कचरा पुन्हा स्वस्त जागी, म्हणजे जमिनीत किंवा परदेशात जाईल, ही भीती महापालिका बोलून दाखवतात.

खर्च आणि भाव यांतला फरक भरून काढण्यासाठी जैविक हिश्शाचे प्रमाणपत्र विकण्याची कल्पना पुढे आली आहे. हाफस्लुंड सेल्सिओने २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी दहा वर्षांत ११ लाख टनांचा असा करार केला. हवेतून काढलेल्या कार्बनला प्रमाणपत्र कसे द्यायचे याची चौकट युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायद्याने घातली. पण त्यासाठी कोणता टन झाडाचा आणि कोणता तेलाचा हे सांगता यायला हवे. ते सांगतो कार्बन-१४. खनिज तेल कोट्यवधी वर्षे जुने असल्यामुळे त्यात हा किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, ताज्या लाकडात आणि अन्नात तो असतो. धुराचा नमुना ठरावीक काळ सतत गोळा करून प्रयोगशाळेत पाठवला की दोन्ही हिश्शांचे प्रमाण कळते. मोजमाप होऊ शकते, पण दावा कुणाचा, हे अजून मिटलेले नाही. कंपनीने हवेतून कमी झालेला टन विकत घेतला आणि त्याच टनावर शहराने आपल्या हवामान आराखड्यात हक्क सांगितला, तर एकच टन दोनदा मोजला जातो. कचरा ब्रिटनचा, भट्टी नॉर्वेची आणि खरेदीदार अमेरिकेचा असेल तर गुंता आणखी वाढतो.

साठवणीची दीर्घ जबाबदारी हा आणखी एक उघडा मुद्दा. युरोपच्या २००९ च्या निर्देशानुसार साठवण बंद झाल्यावर सर्वसाधारणपणे किमान २० वर्षांनी ती जबाबदारी सरकारकडे जाऊ शकते. त्यानंतरची जोखीम शेवटी करदात्यावर येऊ शकते. आजची भट्टी तेव्हा असेलच असे नाही.

महाराष्ट्रापुरते

भारतात कचरा जाळून वीज करण्याचा इतिहास सावध करणारा आहे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने उभारलेला प्रकल्प कचऱ्याचा उष्मांक कमी पडल्यामुळे चालू शकला नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोला १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा पुरू नये, ऊर्जेसाठी वापरावा, असे सांगितले. हे प्रमाण टनामागे सव्वासहा गिगाजूलच्या आसपास भरते, युरोपातल्या कचऱ्यापेक्षा बरेच कमी. ऑगस्ट २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशी येथील प्रकल्पाचे उद्घाटन झाले, त्याची क्षमता १४ मेगावॉट आहे. इथे शहर तापवण्यासाठी गरम पाण्याचे नळ नाहीत, त्यामुळे वायू पकडण्यासाठी लागणारी प्रत्येक गिगाजूल उष्णता थेट विजेतून कमी होणार. त्याच परिसरात, पुण्यात, कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. सुक्या कचऱ्यातले कागद आणि प्लास्टिक हे तिच्या सभासदांचे उत्पन्न आहे आणि भट्टीचे सर्वांत चांगले जळणही तेच आहे. युरोपातल्या चर्चेत ही बाजू जवळजवळ नसते.

साठवणीच्या बाजूने महाराष्ट्राचे नाव निघते ते पायाखालच्या काळ्या कातळामुळे. दख्खनचे बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहे. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये बेसॉल्टमध्ये सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांमध्ये बदलला, असे २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिथे वायू आधी पाण्यात, सोडा वॉटरसारखा, विरघळवतात आणि एका टनासाठी २५ टनांच्या आसपास पाणी लागते. आइसलँडला त्याची चणचण नाही, मराठवाड्याला आहे. शिवाय आइसलँडचे बेसॉल्ट तरुण आणि छिद्रांनी भरलेले, तर दख्खनचे साडेसहा कोटी वर्षे जुने, आणि त्यातल्या अनेक थरांतल्या पोकळ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेल्या आहेत.

या कातळाखाली काय आहे याची चांगली माहिती कोयनेत मिळाली, ती वेगळ्याच कारणासाठी. १९६७ च्या भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांचा संबंध तपासण्याचे काम सुरू झाले. अलीकडच्या वर्षांत कराडच्या भूभौतिक प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली तिथे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले गेले. बेसॉल्टचा थर तिथे साधारण एक किलोमीटर जाडीचा आणि त्याखाली ग्रॅनाइट असल्याचे दिसले. भूगर्भात दाबाने द्रव सोडण्याचा कोणताही प्रस्ताव या प्रदेशात आला, तर कोयनेचा अनुभव बाजूला ठेवता येणार नाही. आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने कार्बन पकडणे व वापरणे यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या विषयाचा धोरण-आराखडाही प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य भर वीज, पोलाद, सिमेंट आणि रसायने यांवर आहे, आणि कचऱ्याच्या भट्टीचा क्रम त्यांच्यानंतर लागणे सध्या तरी रास्त आहे.

तोवर करण्याजोगे एक काम आहे आणि त्याला अमाइनचा मनोरा लागत नाही. मोशीच्या चिमणीतून जाणाऱ्या वायूत किती हिस्सा प्लास्टिकचा आणि किती भाजीपाल्या-कागदाचा, हे कार्बन-१४ च्या चाचणीने कळू शकते. कार्बन-१४ मोजणाऱ्या प्रयोगशाळा दिल्ली, अहमदाबाद आणि लखनौ येथे आहेत. पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला असे दोन नमुने जरी नियमित तपासले गेले, तरी वर्गीकरणावर किती खर्च करायचा आणि पुढे कधी कार्बन पकडायचाच झाला तर त्याचा हिशेब कशावर मांडायचा, हे महापालिकेला अंदाजाऐवजी मोजमापावरून ठरवता येईल.